डाव्या हँडलचा बोल्ट

जुम्म्याची नमाज आटोपून मतीन गॅरेजवर परतला, तेव्हा गाडी जागेवर नव्हती. स्टँड होता, स्टँडखाली अंथरलेलं पोतं होतं, पोत्यावर सकाळी सांडलेल्या ब्रेक ऑइलचा डाग होता. गाडी तेवढी नव्हती. चोरीबिरी झाली असं त्याला क्षणभरही वाटलं नाही. दारात खुर्ची टाकून त्याचे वडील बादशहामियाँ नेहमीसारखे रस्त्याकडं तोंड करून बसले होते आणि भिंतीवरच्या खिळ्याला चावी नव्हती. म्हणजे गिऱ्हाईक आलं, आपली गाडी घेऊन गेलं. एवढी साधी गोष्ट. मशिदीत मुका केलेला मोबाइल त्यानं खिशातून काढला, तर त्यावर गाडीवाल्या वीरधवलचा आवाजी निरोप येऊन पडलेला. "मतीनभाई, न्हेतोय बघा गाडी. सांजपतोर थांबाय जमंना. भनीची, अंकिताची, परीक्षा हाय कराडला, आष्ट्यातनं तिला घेतो, कराडात सोडतो आन तसाच साताऱ्याला ड्यूटीवर. आवाज लय भारी हाय गड्या!" आणि मग त्यानं उगाच एक्सलेटर पिळला असावा, कारण पुढचा सगळा निरोप म्हणजे नुसता सायलेन्सरच होता. मतीन ऐकता ऐकता हसला. स्वतःच्या हातचा आवाज मोबाइलच्या एवढ्याशा छिद्रातनंही ओळखू येतो, हे त्याला बरं वाटलं. हसता हसताच त्याची नजर कामाच्या टेबलाकडं गेली. तिथं, कडेला, गिऱ्हाइकासाठी म्हणून वेगळी पुसून ठेवलेली एलन की, बोल्ट आवळायची ती वाकडी षटकोनी सळई, तशीच पडून होती.

हसू तोंडावरच राहिलं.

आता ही एलन की कसली, ते सांगायला हवं. मतीनचं घराणं तंतुवाद्यं करणाऱ्यांचं. मिरजेत ज्या गल्लीत दारोदारी भोपळे वाळत पडलेले असतात, त्या गल्लीतलं. बादशहामियाँ तंबोरे करत, आणि त्यांच्या घरात एक रीत होती: तंबोरा सगळा झाला, तारा चढल्या, तारेला गुंजवणारी जवारी लागली, तरी शेवटची खुंटी कारागिरानं पिळायची नाही. ती गिऱ्हाइकानं आपल्या हातानं पिळायची. मग ते वाद्य त्याचं. गवई येवो नाहीतर कुणा शाळेतली मास्तरीण येवो, बादशहामियाँ तंबोरा पुढं करायचे, बोट खर्जाच्या खुंटीवर ठेवायचे आणि म्हणायचे, "ओढा मालक." मतीननं तंबोऱ्याचं काम सोडून मोटरसायकलींचं गॅरेज काढलं, तेव्हा घरातनं एक पाना आणला नाही की एक पटाशी आणली नाही, पण ही रीत तेवढी त्याच्या हाताला चिकटून आली. गाडीचं काम झालं की शेवटचा एक बोल्ट तो बोटानं फिरवून नुसता बसवून ठेवायचा आणि गिऱ्हाईक आलं की एलन की त्याच्या हातात द्यायचा. "ओढा मालक." पोरं खूश व्हायची. फोटो काढायची. बादशहामियाँना हे कळलं तेव्हा त्यांनी ताट बाजूला सारलं होतं. तसं त्यांच्या घरात आपल्या दख्खनी बोलीतच बोलणं चाले. पण ताहेरा, मतीनची बायको, माहेरची आष्ट्याकडची, तिनं घरात मराठी आणली आणि म्हाताऱ्याचा राग पहिल्यापासनं मराठीतच चढायचा. "रीत वाद्याची असती," ते म्हणाले होते. "लोखंडाला कसली रीत? उद्या पंक्चर काढशील आन जवारी लावली म्हणशील." त्यानंतर ते गॅरेजच्या उंबऱ्याच्या आत कधी आले नाहीत. पुढं, दोन वर्षांमागं, अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली, शब्द तोंडात अडकून राहायला लागले; ताहेरा दवाखान्यात नर्सची पाळी करायची, घरात बघायला कुणी नाही, म्हणून दिवसा त्यांची खुर्ची गॅरेजच्या दारात यायला लागली. तरी पाठ आतच. तोंड रस्त्याकडं.

एरवी तो शेवटचा बोल्ट सायलेन्सरच्या पट्टीचा असायचा. राहिला सैल तरी फार तर खडखडेल, गिऱ्हाईक शिव्या देत परत येईल. कारण कामाचा क्रमच तसा: आधी हँडल, मग सायलेन्सर. वीरधवलच्या गाडीचं उलटं झालं. सायलेन्सर आधी आला, हँडलचं पार्सल कुठल्यातरी गोदामात अडकलं आणि काल आलं. त्या पोराचं दुखणं वेगळंच होतं. गाडी शर्यतीच्या धाटणीची, दोन बाजूंना दोन वेगळी हँडलं, एकेका चिमट्यानं पुढच्या पाइपावर आवळलेली आणि पार खाली, टाकीवर पालथं पडून चालवायची. साताऱ्याच्या कारखान्यात नोकरी, दर आठवड्याला आष्टा-सातारा, सातारा-आष्टा. पाठीचा आणि मनगटाचा भुगा झालेला. "मतीनभाई, हँडल वर घ्या की. मी काय रेस खेळतोय व्हय? माझ्या आईला वाटतंय मी गाडीवर निजूनच जातोय." म्हणून उंच हँडल. आणि हौस म्हणून सायलेन्सर. सायलेन्सर कालच बसला. हँडल आज सकाळी बसलं. जास्त लांबीचा ब्रेकपाइप घातला, केबली फिरवून घेतल्या, उजवं हँडल आवळलं, डावं हँडल बसवलं. डावं शेवटचं. आणि हाताला सवय शेवटचा बोल्ट सोडायची. तो कुठला आहे, हे बघायचं काम हाताचं नाही, डोक्याचं. आणि डोकं? डोकं त्या वेळी कुठं होतं?

"कुणाला विचारून चावी दिली?" मतीन दारात येऊन ओरडला. इतक्या जोरात, की समोरच्या चहावाल्यानं मान वर केली. बादशहामियाँनी डावा हात उचलला, ओठ हलवले. "मी... त्या... त्याला..." शब्द घशातनं निघायचा, जिभेपाशी येऊन बसायचा. एरवी मतीन थांबायचा. डॉक्टरांनी सांगितलं होतं, थांबा, त्यांना वेळ द्या, वाक्य आपण पुरं करू नका. आज तो थांबला नाही. "हँडल सुटलं तर मरंल की वो ते पोरगं! राखणीला कुत्रं बसवलं असतं तर भुंकलं तरी असतं!" हे बोलताना त्यानं वडलांकडं बघितलंही नाही, तो टॉर्क रेंचची पेटी उघडत होता. ठरल्या जोराला बोल्ट आवळला की टक असा आवाज करणारा तो पाना, गॅरेजमधली सगळ्यात जपून ठेवलेली वस्तू. पेटी रिकामी. बरोबर आहे, ज्या दिवशी बुद्धी जागेवर नसते त्या दिवशी पानाही जागेवर नसतो. त्यानं एलन की उचलून खिशात कोंबली, आपली जुनी मोटरसायकल ढकलत रस्त्यावर घेतली आणि किक मारली. मागं बादशहामियाँ काहीतरी म्हणत होते, घशातनं येणारा एक तुटका आवाज, पण इंजिन सुरू झालं आणि तो त्यात बुडून गेला.

मिरज-सांगली रस्ता त्यानं कसा पार केला ते त्याला सांगता आलं नसतं. चौकाचौकात थांबून तो वीरधवलचा नंबर लावत होता. घंटी जायची, जायची, आणि मग ती बाई सांगायची की आपण ज्या व्यक्तीला कॉल करत आहात ती व्यक्ती उत्तर देत नाही. डोक्यात हेल्मेट, फोन बॅगेत, बॅग पाठीला, आणि कानात मी बसवलेला सायलेन्सर. कसं देईल उत्तर? पुलावर कृष्णेचा गार वारा छातीला लागला तेव्हा त्याला कळलं की आपण स्वेटर विसरलोय, आणि घाम आलाय. पूल ओलांडला की सांगलवाडी, पुढं डिग्रज, तुंग, मग आष्टा. रस्ता सरळ. सरळ रस्त्याला काही होत नाही, तो स्वतःला समजावत होता. बोटानं बसवलेला बोल्टही सरळ रस्त्याला हँडल धरून ठेवतो. रिकामी कढई सैल कानानंसुद्धा उचलता येते. भरली की कळतं. ब्रेक मारला, अंगाचा सगळा भार तळव्यांवर आला, की तो चिमटा पाइपावर फिरणार. डावा हात पुढं जाणार, उजवा जागेवर राहणार, आणि मग गाडी कुणाची नाही. पुढचं त्याला दिसायला लागलं की तो मान झटकायचा. आणि ऊसतोडीचे दिवस. समोर ट्रॅक्टर, ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, ट्रॉल्यांवर घराएवढा ऊस, आणि ट्रॅक्टरवाला गाण्याच्या नादात. ब्रेक मारावा लागणारच. इथं ब्रेक न मारता कोण गेलंय?

पण सोडला होता का तो बोल्ट? खरंच सोडला होता? मतीन सकाळ परत परत उलगडत होता. तो खाली बसलाय, डाव्या हातानं हँडल धरलंय, उजव्या हाताच्या दोन बोटांनी बोल्ट फिरवतोय. आटे लागलेत. बोल्ट बसलाय. आता एलन की. इथं चित्र फाटायचं. एकदा त्याला दिसायचं, एलन की लावली, पिळली, मनगटाला तो ओळखीचा ताण आला. लगेच वाटायचं, हा ताण उजव्या बाजूच्या बोल्टचा. मग दिसायचं, एलन की लावलीच नाही, उठून पुसली आणि टेबलाच्या कडेला ठेवली. तेही खरं वाटायचं. जितक्या वेळा आठवावं तितकी सकाळ झिजत होती. डिग्रज येईपर्यंत त्याला आपण बोल्ट कुठल्या रंगाचा घातला तेही सांगता आलं नसतं. हाताला विचारावं तर हात मुका. आयुष्यभर ज्या हातावर भरवसा टाकला, लोक ज्याच्यासाठी कोल्हापुरातनं गाड्या घेऊन यायचे, तो हात एक्सलेटर पिळण्यापलीकडं काही सांगत नव्हता. अरे सांग की, तो मोठ्यानं म्हणाला. शेजारून जाणाऱ्या सायकलवाल्यानं वळून बघितलं.

आणि डोकं कुठं होतं, तेही त्याला ठाऊक होतं. हेच सगळ्यात लाजिरवाणं. डोकं आवाजात होतं. सायलेन्सर आला तेव्हा त्याचा आवाज नुसता फाटका होता, कानाखाली मारल्यासारखा. असले सायलेन्सर पोलीस काढून घेतात आणि भर चौकात रोलरखाली घालतात. मतीनला त्यात वाईट वाटत नसे, तो आवाजच मुळी रोलरखाली घालायच्या लायकीचा असतो. त्यानं तो उघडला, आतली जाळी बदलली, जाळीभोवतीची काचेची लोकर काढून पुन्हा घट्ट गुंडाळली, थोडी कमी केली, थोडी वाढवली. लावायचा, सुरू करायचा, ऐकायचा, काढायचा. कुणी विचारलं असतं तर तो म्हणाला असता, पोलिसांचा त्रास नको म्हणून. खोटं. तो खर्ज शोधत होता. लहानपणी अब्बा तारांखालच्या घोडीच्या हस्तिदंती पट्टीवर कानस फिरवून जवारी लावत बसायचे तेव्हा तो शेजारी बसायचा. कानस एकदा फिरवायची, तार छेडायची, ऐकायचं, पुन्हा फिरवायची. तासन् तास. आणि मग एका क्षणी तारेचा आवाज उमलायचा, तिच्या आत आणखी तारा वाजायच्या, आणि अब्बा एवढंच म्हणायचे, "बोलला." आज सकाळी, डावं हँडल बसवून झाल्यावर, त्यानं इंजिन सुरू केलं आणि ते बोललं. खोल, गोल, पोटातनं आलेलं. तो डोळे मिटून उभा राहिला होता. डोळे उघडले तेव्हा त्यानं आधी काय बघितलं? हँडल? बोल्ट? नाही. दारातल्या खुर्चीकडं बघितलं. पाठ तशीच होती. गुडघ्यावरचं डाव्या हाताचं बोट मात्र हलताना दिसलं, एकदा, दोनदा. की तो भास? तेवढ्यावर तो दिवसभर पुरेल एवढा खूश झाला आणि हात धुवून नमाजेला गेला. म्हाताऱ्याची एक वाहवा मिळावी म्हणून चाळिशीच्या बाप्यानं एका पोराचा जीव टांगणीला लावला. थूत तुझ्या जिनगानीवर, मतीन.

तुंगच्या अलीकडं खिशातला मोबाइल थरथरला. वीरधवलच, म्हणून त्यानं कडेला गाडी घेतली, तर पडद्यावर ताहेरा. पाळी संपवून अब्बांना न्यायला गॅरेजवर आली असेल. अंगठा बटणावर गेला आणि तिथंच थांबला. ताहेरा दवाखान्यात काम करते. सांगली-आष्टा पट्ट्यात कुणाचं काही झालं की माणूस पहिल्यांदा मिरजेला आणतात. तिच्या वॉर्डात, तिच्या मैत्रिणींच्या वॉर्डात. तिला कळलं असेल तर? फोन वाजून वाजून थांबला. तो घेतला नाही, तोवर काही झालेलं नाही, असं काहीसं त्याच्या मनानं ठरवून टाकलं. आणि मन एकदा असं ठरवायला लागलं की त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो.

आष्ट्यात वीरधवलचं घर शोधायला त्याला फार विचारावं लागलं नाही. "त्यो आवाजवाला व्हय?" पानपट्टीवरच्या माणसानं गल्ली दाखवली. वीरधवलची आई, चंद्राबाई, अंगणात भांडी घासत होती. हात राखेनं माखलेले. "आत्ताच गेली की वो दोघं, जेवून," ती उठत म्हणाली. "लेकीला घाई लय. तुमी मतीनभाई न्हवं? पोरगं रोज तुमचंच नाव घेतंय. पर काय वो आवाज त्यो! शेजारची म्हस दावं तोडाय लागली." ती हसली. मतीनही हसला असावा, त्याच्या तोंडाचे स्नायू तसे ओढले गेले. "गाडी कशी चालवत हुता? म्हंजे, नीट गेला न्हवं?" "नीट म्हंजे? आता ताठ बसतोय बघा. पाटलावानी. मी म्हणलं, आता कसा माणसात आलास." आणि मग तिनं त्याच्याकडं नीट बघितलं. घामेजलेलं तोंड, बिनस्वेटरचा, धापा टाकतोय. "काय राह्यलंय का गाडीचं?" आई ती आई. मतीनच्या तोंडावर खरं आलं होतं. पण खरं सांगून ही बाई काय करणार होती? इथं राखेचे हात घेऊन उभी राहणार होती, लेक-लेकीचा फोन लागेपर्यंत. "न्हाई मावशी. एक हत्यार गेलंय चुकून त्याच्या बॅगेत. माझंच. तेवढं घ्यायचं हाय." "आवं मग फुडल्या आठवड्याला आला की आणून दिल की. ताक तर घ्या." तिनं पेला पुढं केला. त्यानं उभ्यानं ताक प्यायलं, अर्धं शर्टावर सांडलं, आणि तो निघाला तेव्हा चंद्राबाई अंगणाच्या तोंडापर्यंत येऊन त्याच्या गाडीकडं बघत उभी होती. तिचं हसू गेलेलं त्याला आरशात दिसलं.

म्हणजे दोघं. तो पोरगा एकटा असता तर वेगळं, असं नाही. पण मागं बसलेल्या मुलीला त्यानं उंच हँडल लावून दिलेलं नव्हतं, सायलेन्सर लावून दिलेला नव्हता, ती आपली परीक्षेला निघाली होती. पेठ नाक्याला हमरस्ता लागला. आता ट्रक, बसेस, गाड्या, सगळ्यांना पुण्याची घाई. मतीनची जुनी गाडी साठच्या वर गेली की पायदानांसकट थरथरायची. त्यानं ती सत्तरवर नेली. कासेगावच्या पुढं त्याला लांबून माणसांचा घोळका दिसला. रस्त्याच्या कडेला गाड्या लावलेल्या, माणसं पळत होती. गाडी पिवळी होती वीरधवलची. तो घोळक्यात पिवळं शोधत होता. माणसांच्या पायांमधनं, रस्त्यावर, चरात. मनात नुसतं या अल्लाह, या अल्लाह. जवळ गेला तर उसाची ट्रॉली आडवी पडली होती, आणि माणसं पळत होती ती मदतीला नव्हे, ऊस न्यायला. एक म्हातारी काखेत मावेल तेवढा ऊस घेऊन, लुगडं वर खोचून, रस्ता ओलांडत होती. "कुणाला लागलं?" मतीननं ओरडून विचारलं. "उसाला!" एकजण म्हणाला आणि दहाजण हसले. मतीनला त्या सगळ्यांच्या गळ्यात पडून रडावंसं वाटलं. पुन्हा मोबाइल थरथरला. ताहेरा. पुन्हा त्यानं तो तसाच थरथरू दिला. मग आणखी एकदा, वाठारच्या जवळपास. मांडीला लागून तो एवढासा डबा जिवंत असल्यासारखा हलत होता आणि मतीन त्याच्यापासनं पळत होता, जितका पुढच्या गाडीकडं तितकाच त्याच्यापासनं लांब.

कराडच्या अलीकडं, उड्डाणपुलाच्या कामामुळं वाहतूक तुंबली होती. ट्रकाला ट्रक चिकटलेला. मतीन दोन ट्रकांच्या फटीत घुसला, कडेच्या मातीत उतरला, पुन्हा वर चढला. धूळ, हॉर्न, तापलेल्या ब्रेकांचा वास. इथं कुणाला शोधायचं? पिवळं कुठंच दिसेना. त्यानं गाडी थांबवली, इंजिन बंद केलं, आणि का ते त्यालाही सांगता आलं नसतं, डोळे मिटले. आधी नुसता गोंधळ. मग एकेक आवाज वेगळा व्हायला लागला. बसची घरघर. ट्रकाच्या हवेच्या ब्रेकचा सुस्कारा. कुठल्यातरी स्कूटरचा सैल पत्रा. आणि त्या सगळ्याच्या तळाशी, पुढं डाव्या अंगाला, एक खर्ज. खोल, गोल. मतीननं तिथंच, फटीतच, आपली गाडी स्टँडवर लावली आणि तो ट्रकांमधनं पळत सुटला.

वीरधवल एका टँकरच्या मागं उभा होता, गाडी सुरूच. मागं अंकिता, मांडीवर वही उघडून, ओठांतल्या ओठांत काहीतरी घोकत. मतीन समोरून आला, पुढचं चाक त्यानं दोन गुडघ्यांत धरलं आणि हात घालून चावी फिरवली. "उतरा! दोघंबी उतरा!" "मतीनभाई? आवं, तुमी इकडं?" मतीन ऐकायला जागेवर नव्हता. त्यानं खिशातनं एलन की काढली, डाव्या हँडलच्या बोल्टात बसवली आणि पिळली. की हलली नाही. त्यानं दोन हात लावले. हलली नाही. त्यानं पाय रोवले, अंगाचा भार टाकला. कीची दांडी तळव्यात रुतली, बोल्ट मात्र होता तिथंच. आवळलेला. आणि कसा, तर जसा असायला हवा तसा.

"काय झालं काय?" वीरधवल हेल्मेट काढत म्हणाला. "त्यो बोल्ट व्हय? त्यो मीच आवळलाय की."

"कुणी सांगितलं तुला?"

"चाचांनी. चावीच देईनात की. मुठीत धरून बसलं. मला वाटलं, न्हेऊ नको म्हणत्यात. मग उठलं, भितीला धरून धरून आत गेलं..."

"आत गेलं?"

"आत. त्या पेटीतनं पाना काढला, माझ्या हातात दिला न् त्यो बोल्ट दावला. मी लावला, वढला, आन सोडाय लागलो तर मनगाट धरलं माझं. डाव्या हातानं, पर काय पकड गड्या! अजून म्हणत्यात, अजून. कान पार हँडलला लावून. पान्यानं टक केलं तवा हासलं. मग दिली चावी." तो जरा थांबला. "म्हणलं, तुमची काय रीत असंल."

मतीन मटकन खाली बसला, रस्त्यावरच, टँकरच्या चाकाजवळ. अंकितानं दप्तरातनं पाण्याची बाटली काढून दिली. जीव वाचला होता, दोन जीव वाचले होते, त्यातला एक पाण्याची बाटली पुढं करत होता, आणि मतीनच्या छातीतला तो दुपारपासूनचा धोंडा खरोखरच उतरला. पण उतरता उतरता त्यानं खालची जागा उघडी केली. तिथं ते वाक्य होतं. राखणीला कुत्रं बसवलं असतं तर. त्यानं ते ज्याला ऐकवलं, तो माणूस दोन वर्षांत पहिल्यांदा खुर्चीतनं आपण होऊन उठला होता, भिंत धरून, ज्या उंबऱ्याच्या आत इतकी वर्षं आला नव्हता त्याच्या आत. पाठ करून बसल्या बसल्या त्यानं पाना कुठं असतो आणि तो कसा बोलतो, सगळं ऐकून ठेवलं होतं, आणि आज सकाळी एक टक कमी वाजला हेही. बोल्ट आवळता येतो, सैल करता येतो. बोललेलं वाक्य कुठल्या पान्यानं परत फिरवायचं?

मोबाइल थरथरला. या वेळी त्यानं घेतला.

"किती फोन करायचं वो माणसानं?" ताहेराचा आवाज रडकुंडीला आलेला. "काय बोललाय तुमी अब्बांना? त्यो तुमचा पाना मांडीवर घेऊन बसल्यात, हात लावू देईनात. पानी पिईनात. दुपारधरनं एकच चाललंय, टक, टक. मला वाटलं घड्याळ मागत्यात, घड्याळ आणून दिलं तर ढकलून दिलं. डोळ्याला धार लागलीया त्यांच्या. काय म्हणायचंय त्यास्नी? कशाचं टक?"

"त्यांच्याकडं दे."

खरखर झाली. मग श्वास ऐकू यायला लागला, जड, एका बाजूनं वाहणारा. पुढची वाहनं हलली, टँकरनं धूर सोडला, मागचे हॉर्न वाजवायला लागले. वीरधवल गाडीवर बसला होता, अंकिता वही दप्तरात घालत होती. मतीननं दुसरा कान हातानं दाबून धरला. तो थांबला. शब्द घशातनं निघेपर्यंत, जिभेपाशी येऊन बसेपर्यंत, तिथनं सुटेपर्यंत तो थांबला.

"टक," बादशहामियाँ म्हणाले.

"व्हय अब्बा," मतीन म्हणाला. "ऐकला. घट्ट हाय." आणि मग रस्त्यावर, एवढ्या सगळ्या ट्रकवाल्यांसमोर, त्याला हुंदका फुटला.